अळीला सवय लागत नाही

खानदेशातल्या कानबाई देवीच्या रोटांच्या सणाला सासरी चोपडा तालुक्यात गेलो होतो. जेवणं आटोपली, पानं लागली आणि थोरले शालक आप्पा यांनी तोफ डागली. “दाजी, आम्ही कानबाई मानतो, तुम्ही डार्विन मानता. फरक काय? माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला?”

शेवटचा प्रश्न ओळखीचा होता. जानेवारी २०१८ मध्ये केंद्रातले एक राज्यमंत्री, सत्यपाल सिंह, जाहीरपणे हेच म्हणाले होते आणि देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांना एकत्र पत्रक काढून उत्तर द्यावं लागलं होतं. अमेरिकेत तर उत्क्रांती हा धर्मच आहे, तो आम्हाला शिकवायला लावू नका, असं म्हणत एक शिक्षक कोर्टात गेला. १९९४ मध्ये अपिलात त्याचं म्हणणं फेटाळलं गेलं. कार्ल पॉपरसारख्या तत्त्वज्ञालाही एकेकाळी डार्विनचा सिद्धान्त तपासता न येणारा वाटला होता. पुढे त्याने ते मत मागे घेतलं.

मला वाटतं, मराठीत निम्मा घोळ ‘मानणे’ या क्रियापदाने केलाय. देव मानतात, थोरल्यांचं मानतात. उत्क्रांती मानता का, असं विचारलं की तीही देव्हाऱ्यात जाऊन बसते. विहिरीला पाणी लागलं हे कोणी मानत नाही, दोर सोडून पाहतो.

आप्पांकडे मेमध्ये ठिबकवर लावलेली कपाशी असते. म्हटलं, गुलाबी बोंडअळीचं सांगा. त्यांचा चेहराच पडला. “पहिले बीटीवर मरे. आते मरस नही. सवय पडी गई तिले.”

नेमकं इथेच चुकतं. कुठल्याही अळीला सवय लागलेली नाही. बीटी कपाशीतलं विष मूळ मातीतल्या एका जिवाणूचं. ते बनवणारं जनुक कपाशीत घातलं. अळीने बोंड पोखरलं की ते प्रथिन तिच्या आतड्यात उतरतं, आतड्याच्या पेशींवर असलेल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, पेशींना भोकं पडतात आणि अळी मरते. पण एखाद्या अळीत कॅडहेरिनचं जनुकच बिघडलेलं असेल, तर विषाला चिकटायला जागा नाही. असा बिघाड विष पाहून होत नाही. तो आपसूक होतो, एरवी कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता हिशेब. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. समजा, हजार प्रतींत एक बिघडलेली आहे. मग दोन्ही प्रती बिघडलेली अळी दहा लाखांत एक. एकच प्रत बिघडलेल्या हजारात दोन, पण त्या मरतात, कारण उरलेली चांगली प्रत कॅडहेरिन बनवतच राहते. म्हणजे बीटीच्या शेतात जगली ती दहा लाखांतली एक. ती पतंग झाली की तिला जोडीदार कोण मिळतो, यावर पुढचं सगळं. बांधाला साधी कपाशी असेल तर तिथून हजारो धडधाकट पतंग उडतात, त्यांच्याशी जोडी जमते, पिल्लांची एक प्रत चांगली निघते आणि ती बीटीवर मरतात. साधी कपाशी नसेल, तर वाचलेली वाचलेल्याशीच जमते, आणि सगळी प्रजा विषाला न जुमानणारी.

म्हणून बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साधं बी बांधाला पेरायला मिळायचं. या साध्या कपाशीलाच रेफ्युज म्हणतात. ते पाकीट बांधावर फेकून न दिलेला शेतकरी मला दाखवा.

आपल्याकडे आणखी एक भानगड. (कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर जा.) आपलं बी संकरित. एका जनुकाच्या बीटीत विषाचं जनुक संकरातल्या एकाच पालकाकडून आलेलं असतं, म्हणून त्याच झाडाच्या बोंडात सरकीच्या चार दाण्यांत सरासरी एक दाणा विषाविना. गुलाबी अळी सरकीच खाते, दाण्यातून दाण्यात शिरते. विषाची मात्रा पातळ झाली की एक प्रत बिघडलेल्या अळ्याही तरतात आणि वरचा हिशेब कोलमडतो. त्यात फरदड घेतली, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक उभं ठेवलं, की अळीला उन्हाळ्यापर्यंत घरपोच जेवण. हिरव्या बोंडअळीला तूर-हरभरा चालतो, तिथून धडधाकट पतंग येत राहतात. गुलाबीला कपाशीशिवाय दुसरं जवळपास काही चालत नाही.

बीटी आपल्याकडे आलं २००२ मध्ये. त्याला दाद न देणारी गुलाबी अळी २०१० मध्ये गुजरातेत नोंदली गेली. दोन जनुकांचं बीटी २००६ मध्ये आलं, तेही हरलं, आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रभर डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली फुलं) नि कवडी (किडका, नीट न फुटलेला) कापूस. ‘अळीचा कायमचा बंदोबस्त’ म्हणणाऱ्या जाहिराती आणि खोपीवर टांगलेलं लिंबू-मिरची, दोन्हींत मला फारसा फरक दिसत नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोनात मात्र साध्या कपाशीचा नियम पाळला गेला, पुढे जोडी जमली तरी प्रजा होऊ नये म्हणून वंध्य पतंगही सोडले. २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कापूस पट्ट्यातून ही अळी संपल्याचं जाहीर केलं. रेफ्युज पाळली तर काय होईल आणि नाही पाळली तर काय, दोन्ही आधीच लिहून ठेवलेलं होतं. उलटं घडलं असतं तर सिद्धान्ताची फजिती झाली असती.

डार्विनच्या नावाने देव नाकारणारे आणि आरती केल्यागत त्याची वाक्यं म्हणणारे मलाही भेटतात. ते त्यांचं त्यांनी पाहावं. अळीचा त्याच्याशी संबंध नाही.

आप्पा बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, “ते बारकं पाकीट यंदा दुकानदाराने दिलंच नाही, असं कसं?”

आता साधं बी मोठ्या पाकिटातच मिसळून येतं, म्हटलं. तुम्ही ते केव्हाच पेरलंय.