पार्श्वभूमी : ८० हर्ट्झचा आकडा आला कुठून?

होम स्टुडिओत मॉनिटरच्या, म्हणजे मिक्स ऐकायच्या स्पीकरच्या, जोडीला सबवूफर (फक्त खोल बास वाजवणारा स्पीकर, थोडक्यात 'सब') आला की पहिला सल्ला ठरलेला असतो: क्रॉसओव्हर, म्हणजे मॉनिटर आणि सबची हद्द, ८० हर्ट्झला ठेव. बहुतेक मॅन्युअलंही तेच सांगतात. हा आकडा संगीताच्या स्टुडिओतला नाही. तो सिनेमातून आला, तेही घरी बसून बघायच्या सिनेमातून, आणि येताना त्याचं निम्मं सामान मागेच राहिलं.

थिएटरात धडाडणारा बास जुनाच. १९७४ मध्ये भूकंपावरच्या एका हॉलीवूडपटासाठी थिएटरांत अवजड वूफर आणून बसवले होते. गाण्यांच्या स्टुडिओला तेव्हा त्याची निकड नव्हती. एलपीच्या खाचेत खोल बास डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळा ठेवला तर सुई उडायची, म्हणून डिस्क कापणारे तो मधोमध आणत. १९७८ साली आलेला पांढऱ्या कोनचा, बंद पेटीचा एनएस-टेन हा छोटा मॉनिटर पुढे जगभरच्या मिक्सिंग कन्सोलवर जाऊन बसला. खालचा बास तो दाखवत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यासाठी भिंतीत बसवलेले मोठे मॉनिटर होतेच. नंतर सीडीने सुईची अडचण संपवली, ड्रम मशीनचा किक ५० हर्ट्झच्या आसपास घुमू लागला आणि काम मोठ्या स्टुडिओतून बेडरूममध्ये सरकलं. तिथे मोठे मॉनिटर बसवायला भिंतच नव्हती, म्हणून सब आला.

दरम्यान, १९९० च्या सुमारास अमेरिकेत घरगुती सिनेमाच्या यंत्रणांना प्रमाणपत्र देणारा एक कार्यक्रम सुरू झाला होता. तिथे ८० पक्का झाला. कारण कानाचं होतं: बास जितका खोल, तितकी त्याची दिशा कळणं अवघड. सर्वसाधारण माणसाला ८० च्या बराच वरपर्यंतही सबची जागा सांगता येत नाही. तिखट कानाचे श्रोते धरून आकडा खाली आणला. आणखी खाली नेला असता तर छोट्या स्पीकरवर ताण आला असता. थोडक्यात, तडजोड. वाईट नव्हती.

पण त्या तडजोडीत एक जुळणी होती आणि तिच्याबद्दल आज कोणी बोलत नाही. पुढचे स्पीकर लहान, बंद पेटीचे आणि ८० च्या खाली स्वतःच १२ डीबी प्रति ऑक्टेव्हने (दर सप्तकाला आवाजाची पातळी १२ डेसिबलने कमी) उतरतील असे घडवलेले. त्यांच्या वाटेत इलेक्ट्रॉनिक्सचा आणखी १२ चा हाय-पास, म्हणजे खालचे सूर अडवणारा फिल्टर. दोन्ही मिळून २४. सबला मात्र २४ चा लो-पास (वरचे सूर अडवणारा) पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक्सने दिलेला. अशाने ८० ला दोन्ही बाजू ६-६ डीबी खाली, फेज (लहरींच्या चढ-उताराची वेळ) एकच आणि बेरीज सपाट. हे गणित दोन अभियंत्यांनी १९७६ मध्येच मांडून ठेवलं होतं. म्हणजे ८० हा आकडा एका विशिष्ट पेटीसाठी होता. पेटी बदलली, आकडा राहिला.

आजचा पाच इंची मॉनिटर बहुतेक वेळा पोर्टवाला, म्हणजे पेटीला हवेचं भोक असलेला, असतो. पोर्टच्या फ्रिक्वेन्सीखाली तो ऑक्टेव्हमागे २४ डीबीने कोसळतो आणि त्याचा फेज त्याआधीच फिरायला लागलेला असतो. त्यावर ८० चा हाय-पास लावला की उतार वेगळा, फेज वेगळा. कित्येक ठिकाणी तर हाय-पासच नसतो: ऑडिओ इंटरफेसच्या (कॉम्प्युटरचा आवाज बाहेर देणाऱ्या डब्याच्या) पहिल्या दोन आउटपुटवर मॉनिटर, तिसऱ्यावर सब, आणि ५० ते ८० चा पट्टा दोघंही वाजवताहेत. मग बास जास्त वाटतो, माणूस तो मिक्समध्ये कमी करतो आणि गाडीत गाणं पोकळ वाजतं.

आपल्याकडच्या संगीतात ही हद्द आणखी नाजूक जागी पडते. काळी एकमधल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास. डग्ग्यावर मनगट सरकवलं की घुमारा वर चढतो, आणि त्याची वाट याच भागातून जाते. फेज चुकलेला असेल तर मींडेच्या मध्येच आवाज खचतो. तबलजी चुकला असं वाटतं. चुकलेलं असतं ते जोडणीत.

तपासायला महागडं काही लागत नाही. क्रॉसओव्हरच्याच फ्रिक्वेन्सीचा सलग सूर लावायचा, सबची पोलॅरिटी (लहरीची अधिक-उणे बाजू) उलटी करायची आणि बसायच्या जागेवर आवाज सर्वांत कमी होईपर्यंत फेजचा नॉब फिरवायचा. मग पोलॅरिटी पुन्हा सुलट. जिथे खड्डा सर्वांत खोल होता, तिथेच आता बेरीज सर्वांत भरीव.

अर्थात, खोली मध्ये येतेच. मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटची १० बाय १० ची बेडरूम आणि वर जवळपास तेवढीच उंची म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची या तिन्हींचा अनुनाद ५६ हर्ट्झच्या आसपास एकावर एक. तो क्रॉसओव्हरने जात नाही. सबची जागा बदलून थोडाफार सावरतो.

सिनेमाकडून आणखी एक घोळ आला. सिनेमाच्या ५.१ सराउंडमधल्या 'पॉइंट वन', म्हणजे फक्त खोल बासच्या, वाहिनीची वरची मर्यादा १२० हर्ट्झ आणि प्लेबॅकला तिला १० डीबीची वाढ. स्टीरिओ संगीतात ही वाहिनीच नसते. तिथे सब डाव्या-उजव्याचाच खालचा भाग वाजवतो. तरीही सबच्या मागचा '+१०' चा स्विच दाबून ठेवलेले स्टुडिओ दिसतात. स्टीरिओचं काम तिथे होत असेल तर तो बंदच हवा.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत चित्र झपाट्याने पालटलं. मापनाचा माइक आणि फुकट सॉफ्टवेअर घरोघरी आलं, मॉनिटरच्या पोटातच डीएसपी (आवाजावर प्रक्रिया करणारी डिजिटल चिप) बसला, डिले मिलिसेकंदांत देता येऊ लागला. इमर्सिव्ह, म्हणजे चहूबाजूंनी ऐकू येणाऱ्या, संगीताच्या लाटेत छताला टांगलेले छोटे स्पीकर आले आणि त्यांचा बास सबकडे वळवणं भाग पडलं. क्रॉसओव्हर आता ५० ते १२० मध्ये कुठेही ठेवता येतो, उतारही निवडता येतो. पुष्कळ उपकरणांचा मेनू उघडला की समोर मात्र ८० च येतं.