काळोखी चित्रकादंबरी बालविभागात कशी पोचली

डार्क फँटसीची, म्हणजे अद्भुतात भीती मिसळलेल्या कथेची, ग्राफिक नॉव्हेल (चित्रकादंबरी) मला पहिल्यांदा मिळाली ती सांगलीच्या गावभागात, एका वाचनालयाच्या बालविभागात, चांदोबाच्या बांधीव अंकांशेजारी. आत मरणाचे देव होते, पोरांना गिळणारी स्वप्ने होती. चित्रे दिसली म्हणून पुस्तक मुलांचे ठरले होते.

हा समज इथल्या मातीतला नव्हे. सांगलीत १८४३ साली सुरू झालेल्या पौराणिक नाटकांत राळेच्या भडक्यात आरोळ्या ठोकत राक्षस येत, आणि समोर संस्थानिक व दरबारी मंडळी बसत. वेताळपंचविशीतला राजाही खांद्यावर प्रेत घेऊनच स्मशानातून चालतो. मात्र १९६४ पासून भारतात निघालेल्या कॉमिक्समधल्या परदेशी, मुखवटेवाल्या परोपकारी नायकाला मराठीत ‘वेताळ’ म्हटले गेले आणि त्या शब्दातली भीती बरीचशी ओसरली.

चित्रकथेला खरा घाव त्याआधी अमेरिकेत बसला. तिथे भयकथांची कॉमिक्स मुलांना गुन्हेगार बनवतात, असे एका मानसोपचारतज्ज्ञाने ठासून मांडले. १९५४ मध्ये संसदीय समितीपुढे सुनावणी झाली आणि त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःच आचारसंहिता लिहिली. शीर्षकात ‘हॉरर’ शब्द नको. चालती प्रेते, रक्तपिपासू पिशाच्चे, नरमांसभक्षण नको. प्रत्येक कथेत सज्जनाचाच विजय हवा. हा सरकारी कायदा नव्हता, पण संहितेचा शिक्का नसलेला अंक बहुतेक वितरक उचलत नसत, म्हणून हा शिक्का कायद्याहून कडक ठरला. संहितेच्या बाजूने बोलणारे म्हणतात की पालकांचा संताप खरा होता आणि स्वतःहून बंधन घातले नसते तर सरकारने घातले असते. यात तथ्य आहे. तरीही अंक मोठ्यांसाठी की लहानांसाठी एवढे छापून भागले असते. त्याऐवजी सगळी चित्रकथाच आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या मापाने कापली गेली. त्या तज्ज्ञाने मुलांच्या जबान्यांत फेरफार केल्याचे त्याच्या कागदपत्रांवरून २०१२ मध्ये दाखवून दिले गेले, तोवर जवळजवळ सहा दशके गेली होती.

१९७१ मध्ये नियम सैल झाले, पिशाच्चे परत आली. ‘ग्राफिक नॉव्हेल’ हा शब्द १९६४ पासून वापरात होता. १९७८ नंतर तो मुखपृष्ठावरून रुळला. कॉमिक्सची स्वतंत्र दुकाने वाढली तशी वितरकांची पकड सुटली. १९८४ मध्ये दलदलीतल्या एका राक्षसाच्या कॉमिक्स-मालिकेने शिक्का सोडून दिला, १९८९ मध्ये स्वप्नांच्या राजाची मालिका सुरू झाली आणि जपानमध्ये त्याच वर्षी काळ्या चिलखतातला एक तलवारबाज अवतरला. आज पहिल्यांदा वाचणाऱ्याच्या हाती बहुधा यांच्याच वंशातले काहीतरी पडते. उरलासुरला शिक्का २०११ मध्ये संपला.

नव्या वाचकाची अडचण इथेच होते. मुलांचे समजून तो फक्त फुग्यांतले संवाद वाचत जातो आणि तासाभरात पुस्तक मिटतो. या प्रकारात मात्र भीती बिनशब्दांच्या चौकटींत आणि दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत असते. मी पहिल्या रात्री तशीच घाई केली. दुसऱ्या रात्री शब्द झाकून नुसती चित्रे पाहिली, तेव्हा एका पानावर दाराआडचा हात दिसला. तो आदल्या रात्रीही तिथेच होता.