आरपीजी खेळांतील बग आणि त्यांची चाचणी

ज्या व्हिडिओ गेममध्ये खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका घेतो, त्याचे गुण आणि शस्त्रे वाढवत नेतो, संवादात काय बोलायचे ते स्वतः निवडतो आणि त्या निवडीनुसार कथा वळते, त्याला रोल-प्लेइंग गेम किंवा आरपीजी म्हणतात. अशा खेळाच्या प्रोग्रॅममध्ये राहिलेली चूक म्हणजे बग. तो विक्रीआधी शोधणे, नोंदवणे आणि दुरुस्त झाला की पुन्हा तपासणे हे टेस्टरचे काम; व्यवसायात या कामाला ‘क्यूए’ (क्वालिटी अ‍ॅश्युरन्स) म्हणतात. मोठा आरपीजी बाजारात आला की लोकमान्यनगर असो की राजेंद्रनगर, इंदूरच्या मराठी मुलांत पहिल्याच आठवड्यात विचारणा सुरू होते : ‘टेस्ट न करताच विकायला काढला का?’ हा प्रश्न टेस्टरवर अन्याय करणारा आहे. पहिल्या दिवशी दिसणारे पुष्कळ बग कंपनीच्या यादीत आधीच चढलेले असतात. ते तसेच राहू द्यायचे की तारीख पुढे ढकलायची, हे टेस्टर ठरवत नाही.

बग इथेच जास्त का

शर्यतीच्या खेळात रस्ता ठरलेला असतो. आरपीजीत खेळाडू कोणत्या क्रमाने काय करील, हे खेळ लिहिणाऱ्याला आधी कळत नाही. हो-नाही अशा १० निवडी असल्या तर १,०२४ वेगवेगळ्या स्थिती संभवतात. २० निवडी असल्या तर १०,४८,५७६. मोठ्या खेळात निवडी शेकड्यांनी असतात, शिवाय पात्राची जात-कुळी, सोबती जिवंत की मेलेले, खिशात काय आहे, हे सगळे वेगळेच.

इंदूरच्या सराफा बाजारावरून हे चांगले समजते. दिवसा सोन्याचांदीची दुकाने. ती मिटली की त्यांच्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू आणि जलेबीचे ठेले. खेळात असा बाजार उभा करायचा तर प्रत्येक पात्राला वेळापत्रक द्यावे लागते. समजा, आठला सराफाने घरी जायचे आणि त्या जागी ठेलेवाल्याने यायचे. खेळाडू आठला एक मिनिट कमी असताना सराफाशी बोलू लागला तर? सराफ बोलणे अर्धवट टाकून निघाला, तर त्याने द्यायची अंगठी मिळत नाही आणि पुढची मोहीम कायमची अडकते. तो थांबला, तर ठेला त्याच्या अंगावरच उभा राहतो. खेळाडूने दुपारीच त्याला लुटले असेल, तर अंगठी मागायला सांगणारे पात्र आता काय बोलणार? असा प्रत्येक ‘तर’ कोणाला तरी सुचावा लागतो. जो सुचत नाही, तिथे बग राहतो.

याचा सर्वांत गाजलेला दाखला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या असंख्य खेळाडूंनी एकत्र खेळायच्या ऑनलाइन आरपीजीमधला आहे. सप्टेंबर २००५मध्ये तिथे एका राक्षसाच्या गुहेपुरता एक संसर्गजन्य शाप घालण्यात आला. खेळाडूंचे पाळीव प्राणी तो शाप घेऊन गुहेबाहेर आले आणि शहरेच्या शहरे मरू लागली. शाप नियमाप्रमाणे चालत होता, प्राणीही नियमाप्रमाणे चालत होते; दोन्ही एकत्र आल्यावर काय होईल, ते कोणी तपासले नव्हते. साथरोगांच्या अभ्यासकांनी पुढे या घटनेवर शोधनिबंध लिहिला.

पात्राचे तोंड उलटे फिरणे, घोडा झाडावर चढणे असे बग लोक हसून सोडून देतात. पात्र जमिनीतून खाली पडते, त्यामागेही पुष्कळदा साधे कारण असते : त्या भागातली जमीन डिस्कवरून वाचून व्हायच्या आत पात्र तिथे पोचलेले असते. सर्वांत वाईट बग सेव्ह फाइलचा, म्हणजे खेळ कुठवर आला ते साठवणाऱ्या फाइलचा. तो चाळीस तास खेळल्यावर समोर येतो आणि ते चाळीस तास घेऊन जातो. नोव्हेंबर २०११मध्ये आलेल्या ‘स्कायरिम’ची प्लेस्टेशन ३वरची आवृत्ती, सेव्ह फाइल फुगत गेली की रखडू लागे. त्यावर आलेल्या एका पॅचनंतर, म्हणजे विक्रीनंतर पाठवलेल्या दुरुस्तीनंतर, काही ड्रॅगन उलटे, पाठीच्या दिशेने उडू लागले. ‘सायबरपंक २०७७’च्या संगणक आवृत्तीत सेव्ह फाइल ८ मेगाबाइटच्या वर गेली की बिघडत असे, सामान कमी बाळगा, असा सल्ला सुरुवातीला मिळाला आणि मर्यादा नंतरच्या पॅचने हटली.

चाचणीची रीत

खेळ बनत असताना त्याची नवी प्रत, म्हणजे बिल्ड, बहुधा रोज निघते. ती चालू होते का, एवढे आधी पाहतात. याला स्मोक टेस्ट म्हणतात. मग जुने दुरुस्त झालेले बग परत आले नाहीत ना, हे तपासतात : ही रिग्रेशन टेस्ट. एका दुरुस्तीने दुसरीकडे मोडतोड होणे नित्याचे असल्यामुळे इथे बराच वेळ जातो. याखेरीज एकेका खोलीच्या प्रत्येक भिंतीला अंग घासत चालणे, संवाद मध्येच तोडणे, एकच दार शंभरदा उघडणे. बाहेरून हे खेळणे वाटते. प्रत्यक्षात ते आठ तासांचे चिकाटीचे काम आहे.

टेस्टरची खरी कारागिरी नोंदीत दिसते. ‘गेम हँग झाला’ हे वाक्य प्रोग्रॅमरच्या काहीच कामाचे नसते. कोणते बिल्ड, कोणते यंत्र, कोणती सेव्ह, कोणत्या पायऱ्यांनी बग पुन्हा घडवता येतो, दहापैकी किती वेळा घडतो, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, हे सगळे लिहिले म्हणजे नोंद पुरी होते. पायऱ्या सापडल्या की अर्धा बग सुटला, असे मानायला हरकत नाही.

कन्सोलवर, म्हणजे प्लेस्टेशनसारख्या खास खेळांच्या यंत्रावर, खेळ आणायला ते यंत्र बनवणाऱ्या सोनी, मायक्रोसॉफ्ट किंवा निन्टेन्डोची मान्यता लागते. ती मिळाली म्हणजे खेळ निर्दोष, ही समजूत चुकीची आहे. कंट्रोलर निघाला तर काय होते, जागा भरली तर सूचना येते का, अशा यंत्राच्या नियमांवर तिथे मुख्य भर असतो. दहाव्या तासाची मोहीम पूर्ण होते की नाही, हे पाहणे खेळ बनवणाऱ्याचीच जबाबदारी.

तारखेचा निर्णय

प्रकाशन जवळ आले की बगांच्या यादीवर बैठका होतात आणि प्रत्येकापुढे शेरा पडतो : आता, पहिल्या दिवसाच्या पॅचमध्ये, नंतर, किंवा कधीच नाही. ‘सायबरपंक २०७७’ १० डिसेंबर २०२० रोजी आला, तेव्हा जुन्या कन्सोलवर तो धड चालतच नव्हता. समीक्षकांना आधी फक्त संगणकाची आवृत्ती मिळाली होती. डिसेंबर संपायच्या आत सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला. परत ठेवला जून २०२१मध्ये. त्याआधी जानेवारी २०२१मध्ये खेळ बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट कंपनीचे सहसंस्थापक मार्चिन इविन्स्की यांनी जाहीर माफी मागितली आणि निर्णय वरिष्ठांचा होता, काम करणाऱ्यांना दोष देऊ नका, असे सांगितले. असे उघडपणे सांगितले जाणे फार महत्त्वाचे होते. ‘बॉल्डर्स गेट ३’ने वेगळी वाट धरली : ऑक्टोबर २०२०पासून कथेचा पहिला भाग खेळाडूंना विकत देऊन जवळजवळ तीन वर्षे त्यांच्या तक्रारी गोळा केल्या. पूर्ण खेळ ऑगस्ट २०२३मध्ये आला, तेव्हा तो पहिला भाग घोटीव होता आणि तक्रारी मुख्यतः शेवटच्या भागाच्या होत्या, जो बाहेर कोणी खेळलाच नव्हता. त्याच महिन्यातल्या पहिल्या मोठ्या पॅचमध्ये हजारावर दुरुस्त्या होत्या.

इंदुरातून पाहताना

संगणकाचे खेळ विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानात पैसे परत मिळायला खरेदीपासून १४ दिवस आणि २ तासांपेक्षा कमी खेळ, अशी अट आहे. आरपीजीत पात्र घडवण्यातच तास जातो. मोहीम अडकवणारा बग दोन तासांनंतर भेटतो. महिनोन्‌महिने पैसे साठवून खेळ घेणाऱ्या मुलासाठी ही अट अपुरी आहे.

काही बग तर इथल्याच परिस्थितीत उघडे पडतात. सेव्ह होत असताना वीज गेली तर अर्धी लिहिलेली फाइल उरते. आधी नवी फाइल पूर्ण लिहून मगच जुनी बदलायची, ही काळजी घेतलेला खेळ तगतो. विंडोजवर आपले नाव देवनागरीत ठेवले की त्या नावाचे फोल्डर बनते, आणि फक्त रोमन अक्षरे गृहीत धरलेल्या खेळाला स्वतःचीच सेव्ह सापडत नाही. पात्राला ‘किशोरी’ नाव दिले तर पहिली वेलांटी ‘क’च्या आधी दिसायला हवी, पण साठवताना ती ‘क’च्या नंतर असते, ही जुळणी न करणारा खेळ वेलांटी भलतीकडे टाकतो आणि जोडाक्षरे फोडून दाखवतो. हे शोधायला महागडे यंत्र लागत नाही, मराठी वाचणारा टेस्टर लागतो.

सुपर कॉरिडॉरवरच्या टीसीएस, इन्फोसिससारख्या कंपन्यांमुळे सॉफ्टवेअर टेस्टिंग हा शब्द इंदूरच्या घरांत ओळखीचा आहे. खेळांच्या चाचणीसाठी मात्र मुलांना पुणे, बंगळुरू, हैदराबादकडे पाहावे लागते. पुण्याच्या यूबीसॉफ्ट स्टुडिओत चाचणीचे मोठे काम चालते. तिथे अर्ज करताना अमुक खेळ किती तास खेळलो, हे सांगून फारसे निभत नाही. एखाद्या चालू खेळातला बग पायऱ्यांसह, चित्रफीत जोडून, नीट लिहून कंपनीला कळवलेला असेल, तर ती नोंद दाखवावी.