शांत पेडेस्टल फॅन

पेडेस्टल फॅन म्हणजे उभ्या दांड्यावर बसवलेला, उचलून कुठेही नेता येणारा विजेचा पंखा, बरेच जण याला स्टँड फॅन म्हणतात. खाली जड बूड, मधे वर-खाली होणारा पाइप, वर मोटर, पाती आणि जाळी, एवढाच पसारा. घरगुती पंख्यात पात्यांच्या वर्तुळाचा व्यास बहुतेक वेळा ४०० मिलिमीटर म्हणजे १६ इंच असतो आणि उंची मीटर-सव्वा मीटर. त्यातला 'शांत' पंखा म्हणजे असा, की जो रात्री उशाशी चालू असला तरी झोप मोडत नाही आणि दिवसा शेजारी बसून हळू आवाजात बोलता येतं. ऐकायला साधी अपेक्षा आहे, पण ती पुरी करणारे पंखे कमीच, कारण पंख्याचा आवाज एका ठिकाणाहून येत नाही, चार-पाच ठिकाणांहून येतो, आणि खोक्यावर छापलेला डेसिबलचा (आवाज मोजायच्या मापाचा) आकडा त्यातलं फार थोडं सांगतो.

विजेचा पंखा १८८० च्या दशकातला. अमेरिकन इंजिनिअर स्कायलर स्काट्स व्हीलर याने १८८२ च्या सुमाराला मोटरला दोन पाती जोडून टेबलावरचा पंखा केला, तिथून ही वाट सुरू होते. मान फिरवणं, जाळी, रेग्युलेटर हे सगळं नंतर येत गेलं. शांततेच्या बाबतीत मोठा फरक पडला तो गेल्या १५-२० वर्षांत, घरगुती पंख्यात डीसी मोटर आली तेव्हा.

आवाज येतो कुठून

पहिला आणि सगळ्यात मोठा आवाज हवेचाच. पात्याची कड हवा कापत जाते, मागे भोवरे सोडते आणि त्याची सूं अशी सळसळ होते. इथे एक हिशोब लक्षात ठेवण्यासारखा आहे: पंख्याचा वेग अर्धा केला तर वारा साधारण अर्धा होतो, पण आवाज १५ डेसिबलच्या आसपास खाली येतो, आणि १० डेसिबल उतरले की माणसाच्या कानाला आवाज जवळपास निम्मा वाटतो. म्हणजे थोडासा वारा सोडला की शांतता भरपूर मिळते. ह्याचीच दुसरी बाजू अशी, की तेवढाच वारा छोट्या पात्यांनी जोरात फिरून दिला तर जास्त आवाज आणि मोठ्या पात्यांनी हळू फिरून दिला तर कमी. शांत पंख्याचं सगळं गणित माझ्या मते ह्या एका गोष्टीत आहे, मोठा पंखा घ्या आणि हळू चालवा. जागा वाचवायची म्हणून छोटा पंखा आणून तो कायम तीनवर ठेवायचा, ह्यात जागा वाचते पण कान जातो.

पाती किती असावीत यावर लोक खूप वाद घालतात. प्रत्येक पातं एका जागेवरून गेलं की हवेला एक धक्का बसतो, तीन पात्यांचा पंखा मिनिटाला १२०० फेरे मारत असेल तर सेकंदाला ६० धक्के, पाच पात्यांचा असेल तर १००. तीन पात्यांचा पंखा म्हणून जरा भरभर असा तुटक वाटतो आणि पाच-सात पात्यांचा जास्त सलग, मऊ. पण नुसत्या पात्यांच्या संख्येवर पंखा शांत ठरत नाही, पात्याचा पीळ, रुंदी, कडांची सफाई आणि सगळी पाती एकाच वजनाची आहेत का हे जास्त महत्त्वाचं आहे. जपानच्या बाल्मुडा कंपनीने २०१० मधे ग्रीनफॅन आणला, त्यात आतल्या वर्तुळात पाच आणि बाहेर नऊ पाती आहेत, आतला वारा हळू आणि बाहेरचा जोरात येतो आणि पुढे जाऊन दोन्ही एकमेकांत मिसळून झोत पसरतो, त्यामुळे अंगावर धडाधड वारा आदळत नाही. डायसनने २००९ मधे बिनपात्यांचा म्हणून जो पंखा आणला त्यातही पाती आहेतच, ती खालच्या बुडात लपवलेली आहेत, त्यामुळे तिथे हवेची सळसळ कमी वाटली तरी आतल्या मोटरचा बारीक सूर ऐकू येऊ शकतो.

जाळीसुद्धा वाजते, हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. बारीक तारेवरून हवा गेली की तारेमागे आलटून पालटून भोवरे सुटतात आणि त्यातून सूर निघतो, दोन मिलिमीटरच्या तारेवरून सेकंदाला तीन मीटर वेगाने हवा गेली तर तो साधारण ३०० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ३०० कंपनांना, येतो. तारा पात्यांच्या फार जवळ असतील तर हा आवाज आणखी वाढतो.

मोटरचं वेगळं. साध्या पंख्यात एसी इंडक्शन मोटर, म्हणजे घरच्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेवर थेट चालणारी मोटर असते, आणि ती विजेच्या लहरींच्या दुप्पट पट्टीत गुणगुणते, ५० हर्ट्झच्या विजेवर १०० आणि ६० च्या विजेवर १२०. चांगल्या मोटरमधे ही गुणगुण जाणवतही नाही, आतले लोखंडी पत्रे ढिले असले किंवा बनावट स्वस्तातली असली की रात्रभर ऐकू येते. वेग कमी करायला मोटरच्या वाइंडिंगमधूनच (आत गुंडाळलेल्या तारेतूनच) वेगवेगळ्या तारा काढलेल्या असतात ते बरं, बाहेरून दिव्याच्या डिमरसारखा रेग्युलेटर लावला तर तो विजेची लहर तोडून तोडून देतो आणि पंखा कमी वेगावर जास्त घुमतो. अगदी हेच स्वस्त इन्व्हर्टरवर होतं, लाइट गेली आणि पंखा बॅटरीवर गेला की अचानक घूंऽऽ सुरू होतं, पंखा बिघडलेला नसतो, इन्व्हर्टर चौकोनी लहर देत असतो.

उरलेले आवाज म्हणजे टकटक, खडखड, कुरकुर. माणूस ह्यांनीच जागा होतो, कारण सलग सूं ला कान सरावतो पण दर आठ-दहा सेकंदांनी येणाऱ्या एका 'टक' ला कधीच सरावत नाही. मान फिरवणारा गिअर, ढिली जाळी, मधे सैल बसलेला पाइप, हलणारं बूड, सगळे संशयित इथेच सापडतात.

डीसी मोटर

डीसी किंवा बीएलडीसी (बिनब्रशच्या डीसी) मोटरमधे फिरणाऱ्या भागात कायमचे चुंबक असतात आणि बाहेरच्या कॉइलमधे वीज कधी सोडायची ते इलेक्ट्रॉनिक सर्किट ठरवतं. फायदे दोन. वीज कमी लागते, साधा पंखा जिथे ५०-६० वॅट खातो तिथे हा पूर्ण वेगावरही त्याच्या निम्म्याच्या आसपास राहतो आणि सगळ्यात कमी वेगावर तर काही पंखे तीन-चार वॅटवर चालतात. पण शांततेसाठी खरा फायदा हा, की हा पंखा खरोखर हळू फिरू शकतो. साध्या तीन वेगांच्या पंख्यात 'एक' नंबरसुद्धा बऱ्यापैकी जोरात असतो, डीसीत मात्र आठ, बारा, कधी त्याहून जास्त पायऱ्या असतात आणि पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवर पंखा चालू आहे हे बघूनच कळतं.

तोटेही सांगायला हवेत. काही मॉडेलमधे सर्किटचा बारीक चिंईं असा आवाज येतो, तरुण कानांना तो जास्त ऐकू येतो, आईवडिलांना काहीच वाटत नाही आणि मूल म्हणतं पंखा शिट्टी मारतोय, तर मुलावर विश्वास ठेवा. रिमोटचं बटण दाबलं की होणारी 'पीं' आणि अंधारात डोळ्यावर येणारा निळा दिवा, ह्या दोन गोष्टींनी कित्येक चांगले पंखे बेडरूमसाठी बाद होतात, घेण्याआधी हे दोन्ही बंद करता येतात का ते विचाराच. आणि सर्किट गेलं तर दुरुस्ती साध्या पंख्याचा कॅपॅसिटर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा छोटा भाग) बदलण्याइतकी सोपी नसते.

निवडताना

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत बेडरूममधला सलग आवाज रात्री ३० डेसिबलच्या वर नसावा असं म्हटलंय, तो आकडा मोजपट्टी म्हणून डोक्यात ठेवावा. खोक्यावरचा आकडा वाचताना मात्र दोन प्रश्न विचारायचे: कुठल्या वेगावर मोजलाय, आणि किती अंतरावरून. जाहिरातीत सहसा सगळ्यात कमी वेगाचा आकडा मोठ्या अक्षरात असतो. त्यात ध्वनिदाब (ऐकतो त्या जागी पोचणारा आवाज) आणि ध्वनिशक्ती (पंखा एकूण बाहेर टाकतो तो आवाज) ही दोन वेगळी मापं आहेत, दोन्ही डेसिबलमधेच लिहितात, आणि त्याच पंख्याची ध्वनिशक्ती एक मीटरवर मोजलेल्या दाबापेक्षा आठ ते अकरा डेसिबलने जास्त दिसते. त्यामुळे ५० वाला पंखा ४२ वाल्यापेक्षा वाईट असेलच असं नाही, दोघांनी वेगवेगळं मोजलं असू शकतं. युरोपियन युनियनच्या २०१२ च्या नियमाप्रमाणे तिथे विकल्या जाणाऱ्या पंख्याची ध्वनिशक्ती, जास्तीत जास्त हवा आणि दर वॅटला किती हवा मिळते हे तिन्ही आकडे द्यावे लागतात, असा तक्ता मिळाला तर तोच पाहावा.

दुकानात पंख्याचा आवाज कळत नाही, तिथे आधीच इतका गलबला असतो की घरी आणल्यावर वेगळाच पंखा आणलाय असं वाटतं. तरी काही गोष्टी हाताने कळतात. पाइप पूर्ण वर काढून वरचं डोकं हलक्या हाताने हलवून बघा, लटपटत असेल तर चालू झाल्यावर वाजणार. जाळीवर बोटाने टिचकी मारा, खळखळ आली तर सोडून द्या. बूड जड हवं, हलक्या बुडाचा पंखा थरथरतो आणि मान फिरवताना डोलतो. मग सगळ्यात कमी वेगावर लावून, मान फिरवणं चालू करून, कान जवळ नेऊन दोन्ही टोकांना वळताना टक आवाज येतो का ते ऐका, दोन-तीन पूर्ण फेऱ्या होईस्तोवर थांबा, दुकानदार कंटाळला तरी चालेल. परत करायची सोय असेल तर पहिल्याच रात्री खोली बंद करून झोपून बघायचं, खरी परीक्षा तीच.

काही लोकांना पंख्याचा आवाज हवाच असतो, त्याशिवाय झोप येत नाही. त्यात चुकीचं काही नाही, सलग सूं मुळे बाहेरचे हॉर्न, कुत्री, दारांचे आवाज झाकले जातात. अशांनीही आवाज किती आहे यापेक्षा तो एकसारखा आहे का हे बघावं.

घरात वापरताना

पंखा हवा थंड करत नाही हे आधी मनात पक्कं असू द्या, तो घाम वाळवतो आणि अंगाभोवतीची गरम हवा सरकवतो, मोटर तर खोलीत थोडी उष्णताच टाकते, म्हणून रिकाम्या खोलीत चालू ठेवण्यात अर्थ नाही. हवाच त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, गरम झाली की फायदा घटत जातो आणि ४० च्या वर पंखा उलट अंग तापवू शकतो, म्हातारी माणसं आणि लहान मुलं घरात असतील तर अशा वेळी नुसत्या पंख्यावर विसंबू नये, ओल्या फडक्याने अंग पुसणं वगैरे करावं.

जागा बदलली की आवाज बदलतो. पंखा मागून हवा ओढतो, त्यामुळे भिंतीला किंवा पडद्याला चिकटवून ठेवला की त्याचा श्वास कोंडतो, हवा कमी आणि आवाज जास्त, हातभर जागा मागे सोडावी. कोपऱ्यात ठेवला तर घूं असा खालचा सूर फुगतो. लाकडी किंवा पोकळ फरशीवर थरथर खाली उतरते आणि खालच्या मजल्यावर ऐकू जाते, तिथे बुडाखाली जाड रबरी चटई घातली की लगेच फरक पडतो. उशापासून लांब, पायाकडून वारा येईल असा ठेवला तर कानापासून अंतर वाढतं आणि रात्रभर तोंडावर वारा लागून डोळे-घसा कोरडे पडतात तेही टळतं. एकाच खोलीत सारखेच दोन पंखे लावले आणि वेगात किंचित फरक असला तर आवाज वाढतो-कमी होतो, वाढतो-कमी होतो अशी लाट ऐकू येते, एकाचा वेग एक पायरी बदलला की ती जाते.

आता धूळ. नवा असताना शांत असलेला पंखा पुढे का वाजायला लागतो, याचं पहिलं उत्तर बहुतेक वेळा पात्यांवरची धूळ हेच असतं. ती पात्याच्या पुढच्या कडेवर बसते, कमीजास्त बसते, तोल जातो, आणि कड खरबरीत झाल्याने हवाही जास्त आवाज करते. प्लग काढून, पुढची जाळी उघडून, पाती ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यायची. इथे खूप जण अडकतात: पात्यांच्या मधली टोपी बहुतेक पंख्यांत उलट्या आट्यांची असते, ती सैल करायला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावी लागते, नेहमीसारखी डावीकडे जोर लावून पिळली तर आणखी आवळते किंवा तुटते. मागच्या जाळीची चकती मात्र सहसा सरळ आट्यांची असते. परत बसवताना दांड्यावरची पिन पात्याच्या खाचेत नीट बसलीये ना ते बघा, नाहीतर पुसून ठेवलेला पंखा आधीपेक्षा जास्त खडखडतो.

बुश (दांडा जिच्यात फिरतो ती धातूची नळी) असलेली मोटर नवी असताना बॉल बेअरिंगपेक्षाही शांत असते पण तिचं तेल वाळतं, मग सुरुवातीला किर्र आवाज येतो आणि पंखा जड फिरतो. शिवणयंत्राचं हलकं तेल दोन-तीन थेंब पुढच्या-मागच्या बुशपाशी पुरतं, खायचं तेल घालू नये, ते चिकट होऊन बसतं. पंखा गुणगुणतो पण फिरत नाही आणि हाताने ढकलला की चालू होतो, असं झालं तर बहुतेक कॅपॅसिटर उतरलेला असतो, छोटा आणि स्वस्त भाग आहे पण बंद पंख्यातही त्यात वीज साठलेली असू शकते म्हणून जाणकाराकडून बदलून घ्यावा. मान फिरताना एकाच जागी टक होत राहिलं तर मोटरच्या मागच्या डब्यातल्या प्लास्टिकच्या गिअरचा दात झिजलेला असतो, ग्रीस लावून थोडे दिवस निघतात, गिअर मिळाला तर बदलता येतो, आणि नाही मिळाला तर वरचा खटका ओढून मान स्थिर ठेवली की तोच पंखा पुन्हा गप्प चालतो.