नीतिमान ठरणे आणि पवित्र होत जाणे

‘माझे तारण झाले आहे’ या एका वाक्यात विश्वासणारा माणूस बहुधा दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधतो आणि मग त्या गाठोड्याचे ओझे त्याला आयुष्यभर जाचते. देवाने माणसाला नीतिमान ठरवणे ही त्यांतली पहिली गोष्ट. दुसरी म्हणजे त्याच माणसाचे पवित्रीकरण : त्याच्या इच्छा, बोलणे आणि सवयी वर्षानुवर्षे ख्रिस्ताच्या स्वभावाशी जुळत जाणे. दोन्ही कृपेनेच होतात, दोन्हींचे मूळ ख्रिस्ताशी झालेल्या जोडणीतच आहे आणि एक मिळाली पण दुसरी राहून गेली असे घडत नाही. त्यामुळेच त्यांची गल्लत सहज होते.

पहिल्या गोष्टीचा अर्थ मराठी क्रियापदच नेमका सांगते. ‘ठरणे’ हे निवाड्याचे क्रियापद आहे. आरोपी निर्दोष ठरतो तेव्हा न्यायालयाच्या पायऱ्या उतरताना त्याचा स्वभाव पालटलेला नसतो. पालटलेले असते ते कायद्यापुढचे त्याचे स्थान. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात वापरलेला ‘गणणे’ हा शब्दही असाच, हिशेबाच्या वहीतला आहे : अब्राहामाने विश्वास ठेवला आणि तो विश्वास त्याच्या खाती नीतिमत्त्व म्हणून जमा झाला. फरक एवढाच की या न्यायालयातला आरोपी खरोखरच दोषी असतो. देव अधर्म्याला नीतिमान ठरवतो, असे पौल त्याच अध्यायात बेधडक लिहितो, आणि त्या निवाड्याचा आधार आरोपीच्या चांगुलपणात न शोधता ख्रिस्ताच्या मरणात आणि पुनरुत्थानात दाखवतो.

पवित्रीकरणाची क्रियापदे मात्र वाढीची आहेत : रूपांतर होणे, जुना मनुष्य काढून टाकणे, फळ देणे. १६४७ साली तयार झालेल्या वेस्टमिन्स्टरच्या लघु प्रश्नोत्तरीने, म्हणजे प्रश्नोत्तरांतून विश्वास शिकवणाऱ्या प्रॉटेस्टंट पुस्तिकेने, हा भेद एका शब्दात पकडला आहे. नीतिमान ठरवणे ही तिच्या लेखी देवाच्या कृपेची ‘कृती’ आहे आणि पवित्रीकरण हे त्याच कृपेचे ‘कार्य’. कृती एकदा झाली की झाली, तर कार्य चालू राहते. निवाडा कमीजास्त होत नाही. काल विश्वास ठेवलेला माणूस आणि पन्नास वर्षे प्रभूमागे चाललेली वृद्ध स्त्री यांचा निवाडा अगदी एकच असतो, मात्र त्यांच्या पवित्रतेत पुष्कळ अंतर असू शकते.

लूकच्या शुभवर्तमानात हा भेद दोन जकातदारांच्या रूपाने, लागोपाठच्या दोन अध्यायांत, उभा राहतो. अठराव्या अध्यायातला जकातदार दृष्टान्तातला आहे. तो मंदिरात दूर उभा राहतो, वर पाहण्याचे धाडस त्याला होत नाही, आणि ऊर बडवून पापी माणसावर दया करावी एवढेच तो मागतो. तो नीतिमान ठरून घरी गेला, असे येशू सांगतो. दृष्टान्त तिथेच थांबतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर बसल्यावर त्याने पहिल्या व्यापाऱ्याकडून किती पैसे घेतले, हे आपल्याला कळत नाही, आणि निवाड्यासाठी ते कळण्याची गरजही नाही. पुढच्याच अध्यायात मात्र जक्कय येतो, तोही जकातदारांचा मुख्य. येशू आपण होऊन त्याच्या घरी उतरतो, आणि मग हा गृहस्थ उभा राहून आकडे बोलू लागतो : अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि लुबाडलेल्याची चौपट परतफेड. फसवणुकीची आपण होऊन कबुली देणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा भरावा, एवढीच मोशेच्या नियमशास्त्राची मागणी होती. कृपा पैशाच्या थैलीपर्यंत पोहोचते तेव्हा ती कशी दिसते, हे इथे अगदी जवळून पाहायला मिळते. तारणाची घोषणा या आकड्यांनंतर येते हे खरे. पण घरी उतरण्याचा निर्णय त्यांच्या आधीचा आहे, आणि माझ्या मते कथेचा कणा तोच आहे.

गल्लत दोन्ही बाजूंनी होते. निवाडा झालाच आहे, मग वागण्याचे काय एवढे, असे म्हणणाऱ्यांना पौलाने रोमकरांच्या सहाव्या अध्यायात थेट उत्तर दिले आहे, त्यामुळे त्यावर फार थांबण्याचे कारण नाही. मला अधिक आढळणारी चूक याच्या उलट आहे. सकाळी घरात कोणावर तरी संतापून वाटेल ते बोलून गेलेला माणूस रात्री प्रार्थनेला बसतो आणि त्याची जीभ उचलत नाही. दोन-चार दिवस नीट वागू, मग देवासमोर जाऊ, असे तो मनाशी ठरवतो. तो आपल्या वाढीकडे पाहून आपला निवाडा वाचत असतो. पण त्याला क्षमा मागण्याची जागा देणारा निवाडाच आहे. क्षमा झालेल्या लेकराप्रमाणे जवळ गेल्याशिवाय तो राग सुटणार तरी कसा?

सर्व मंडळ्या ही रेषा इतकी ठळक काढत नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट येथील परिषदेने १५४७ साली मांडले की नीतिमान होण्यात पापक्षमेबरोबर अंतर्यामीचे नवीकरणही येते. १९९९ साली ल्यूथरन (मार्टिन ल्यूथरच्या परंपरेतल्या प्रॉटेस्टंट) आणि कॅथलिक प्रतिनिधींनी आउग्सबुर्ग येथे नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. त्याने सगळे मतभेद मिटले नाहीत, तरी देव माणसाला स्वीकारतो ते त्याच्या कर्तबगारीमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, यावर दोन्ही बाजू एकत्र आल्या.

पवित्र शास्त्रातही ‘पवित्र’ हा शब्द केवळ वाढीसाठी येत नाही. तंटेबखेडे आणि व्यभिचार यांनी पोखरलेल्या करिंथच्या मंडळीला पौल पत्राच्या सुरुवातीलाच ख्रिस्तात पवित्र केलेले असे संबोधतो आणि मग पुढे अध्यायामागून अध्याय तिची कानउघाडणी करतो. मूळ अर्थाने ‘पवित्र’ म्हणजे देवासाठी वेगळे काढलेले. वेगळे काढणे आधी घडते आणि त्या वेगळेपणाला शोभेसे जगणे नंतर, हळूहळू.

या वाढीचे माप घेणेही अवघड आहे, कारण ती पुढे सरकते तसे पापाचे भान कमी न होता वाढते. करिंथकरांस लिहिताना पौल स्वतःला प्रेषितांमध्ये कनिष्ठ म्हणतो, इफिसकरांच्या पत्रात सर्व पवित्र जनांतील लहानाहून लहान, आणि तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात पापी लोकांतला मुख्य. उजेड वाढला की जळमटे अधिक दिसू लागतात. हायडेलबर्गच्या १५६३ सालच्या प्रश्नोत्तरीनुसार अत्यंत पवित्र माणसांतही देवाच्या आज्ञापालनाची केवळ लहानशी सुरुवात झालेली असते. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांना मात्र प्रीतीची परिपूर्णता याच आयुष्यात शक्य वाटत होती.

येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या दोन चोरांपैकी एकाला वाढीची ही वर्षे मिळालीच नाहीत. मत्तयाच्या वृत्तान्ताप्रमाणे दोन्ही चोर येशूची निंदा करत होते. लूकच्या वृत्तान्तात त्यांतलाच एक दुसऱ्याला दटावतो, आपली शिक्षा रास्त असल्याचे कबूल करतो, आणि शेजारच्या येशूने काही वावगे केले नाही असे सर्वांदेखत म्हणतो. त्याच दिवशी सुखलोकाचे वचन त्याला मिळाले, ते या दोन-तीन वाक्यांच्या मोबदल्यात नव्हे. पण ज्या तोंडून थोड्या वेळापूर्वी निंदा निघत होती, त्याच तोंडून ती वाक्ये निघाली होती.