उसनी जोडणी : घरचा गेम कन्सोल कमी खर्चात इंटरनेटवर कसा आला

घरचा संगणक आणि घरचा गेम कन्सोल आतून एकमेकांचे नातेवाईक असले, तरी इंटरनेटच्या बाबतीत त्यांच्यातला एक फरक पहिल्यापासून निर्णायक ठरला आहे. संगणकाचे झाकण उघडून त्यात कोणत्याही कंपनीचे कार्ड बसवता येत असे. कन्सोलला मात्र त्याच्या निर्मात्याने ठेवली असतील तेवढीच तोंडे. ज्या कन्सोलमध्ये जोडणीची सोय मुळातच नव्हती, त्याच्यासाठी बहुधा एकच एक अधिकृत उपकरण, तेही निर्माता सांगेल त्या किमतीला, घेण्यावाचून गत्यंतर नसे. या अडचणीवर काटकसरी खेळाडूंनी जे उपाय काढले, त्यांचा गाभा चाळीस वर्षांत फारसा बदललेला नाही. घरात ज्या जोडणीचे पैसे आधीच भरले जात आहेत, तीच कन्सोलला उसनी द्यायची, हा तो गाभा. उसनी देणारी वस्तू तेवढी बदलत गेली : आधी टेलिफोन, मग संगणक, मग राउटर आणि आता मोबाइल.

१९८३ साली अमेरिकेत कंट्रोल व्हिडिओ कॉर्पोरेशन या कंपनीने अटारी २६०० साठी ‘गेमलाइन’ ही सेवा सुरू केली. कार्ट्रिजच्या, म्हणजे खेळ साठवलेल्या डबीच्या, आकाराचा मोडेम (टेलिफोनच्या तारेतून माहितीची ने-आण करणारे उपकरण) कन्सोलमध्ये खोचायचा, त्याची तार टेलिफोनच्या भिंतीवरल्या खोबणीत लावायची आणि फोनवरून खेळ उतरवून घ्यायचा, अशी ती योजना होती. उतरवलेला खेळ ठरावीक वेळा खेळून झाला की पुन्हा फोन लावावा लागे. त्याच वर्षी अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला आणि गेमलाइनही त्याबरोबर बुडाली. पण कंपनीच्या अवशेषांतून पुढे जी संस्था उभी राहिली, तीच नंतर अमेरिका ऑनलाइन म्हणून घराघरात पोहोचली. जपानमध्ये निन्टेन्डोने १९८८ मध्ये आपल्या फॅमिकॉम या कन्सोलसाठी मोडेम काढला, तेव्हा त्याचा मोठा उपयोग शेअरचे व्यवहार आणि घोड्यांच्या शर्यतींवरच्या पैजा यांसाठी झाला. खेळण्याच्या यंत्रावर पैशाचे व्यवहार आधी स्थिरावले आणि खेळ मागे राहिला, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. फोनचा खर्च वसूल होईल असे काही त्या काळी व्यवहारातच होते.

खर्चाचा नेमका विचार करून आखलेली पहिली व्यवस्था म्हणून ‘एक्सबँड’कडे बोट दाखवावे लागेल. कॅटापुल्ट एन्टरटेनमेंट या कंपनीने १९९४ मध्ये सेगा जेनेसिससाठी आणि त्यानंतर सुपर निन्टेन्डोसाठी हा मोडेम आणला. त्याचा वेग सेकंदाला अवघा २४०० बिट होता, आणि एवढ्याशा वेगावर दोन घरांतल्या खेळाडूंची मारामारीची लढत चालत असे. हे शक्य झाले ते एका साध्या निरीक्षणामुळे. पडद्यावरचे चित्र तारेतून पाठवण्याची गरजच नसते. दोन्ही घरांत तेच कार्ट्रिज असते, त्यामुळे कोणी कोणते बटण दाबले एवढेच दुसऱ्या घरी कळवले की दोन्ही कन्सोल आपापल्या जागी तेच चित्र उभे करतात. बटणांची ही बातमी काही बिटांत मावते. मूळ खेळ नेटवर्कसाठी लिहिलेले नसल्यामुळे एक्सबँडच्या अभियंत्यांना प्रत्येक खेळाच्या आतल्या सूचनांमध्ये वेगळा हस्तक्षेप करावा लागत असे. ते काम किचकट होते आणि त्याचे श्रेय त्यांना पुरेसे मिळाले नाही असे मला वाटते. दुसरी युक्ती तंत्रज्ञानाइतकीच बिलाची होती. शक्यतो स्थानिक कॉलच्या हद्दीतलाच प्रतिस्पर्धी शोधून दिला जाई, कारण दूरच्या गावी लावलेला कॉल तासाभरात मोडेमच्या किमतीची आठवण करून देत असे. खेळ रंगात आलेला असताना घरातल्या कोणी दुसऱ्या खोलीतला रिसीव्हर उचलला तर जोडणी तुटण्याची भीती असे, हे त्या पिढीला वेगळे सांगायला नको. १९९७ मध्ये ही सेवा थांबली.

सेगाने १९९६ मध्ये आपल्या सॅटर्न या कन्सोलसाठी २८.८ किलोबिटचा ‘नेटलिंक’ हा मोडेम काढला. त्यावरचे मोजके खेळ एका कन्सोलने दुसऱ्याला थेट फोन लावून खेळता येत, म्हणजे खेळण्यासाठी इंटरनेट सेवेची मासिक वर्गणी लागत नसे. मात्र खेळांची संख्या फारच तोकडी होती. खरा फरक पडला तो ड्रीमकास्टमुळे. नोव्हेंबर १९९८ मध्ये जपानमध्ये आणि सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत आलेल्या या कन्सोलमध्ये मोडेम आधीच बसवलेला होता; जपान व युरोपात ३३.६ किलोबिटचा, तर अमेरिकेत ५६ किलोबिटचा. जोडणीचे उपकरण वेगळे विकत घ्यावे लागणार नाही, हा निर्णय सेगाला महाग पडला असेल, पण ग्राहकाच्या दृष्टीने तो मोठा होता. खर्च मात्र नाहीसा झाला नाही. तो टेलिफोनच्या बिलात गेला. अमेरिकेत स्थानिक कॉलला सहसा मिनिटागणिक आकार नसे, त्यामुळे तिथे तासन्‌तास खेळणे परवडे. जिथे मिनिट मोजले जाई, तिथे घड्याळाकडे पाहत खेळावे लागे. जानेवारी २००१ च्या अखेरीस सेगाने ड्रीमकास्टचे उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले.

ड्रीमकास्टची कथा तिथे संपली नाही, आणि काटकसरीच्या इतिहासात तिचा उत्तरार्धच जास्त बोधक आहे. घरोघरी ब्रॉडबँड आले, पण ड्रीमकास्टचा अधिकृत ब्रॉडबँड अडॅप्टर थोडकाच विकला गेला असल्याने दुर्मिळ आणि महाग होऊन बसला. तेव्हा हौशी मंडळींनी उलटा मार्ग धरला. घरच्या संगणकाला एक जुना मोडेम जोडायचा, कन्सोलचा मोडेम त्याला फोनच्या तारेने जोडायचा आणि संगणकालाच इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीचे सोंग घ्यायला लावायचे. यात अडचण अशी की खऱ्या टेलिफोन लाइनवर एक्स्चेंजकडून विद्युतदाब येत असतो, आणि दोन मोडेम नुसतेच एकमेकांना जोडले तर तो नसतो. म्हणून बॅटरी आणि एक-दोन सुटे भाग वापरून तो दाब कृत्रिम रीतीने पुरवला जाई. पुढे हेच काम रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा संगणक आणि यूएसबी मोडेम यांच्याकडून करून घेणारे ‘ड्रीमपाय’ तयार झाले. ते कन्सोलला फोनचा डायल टोनसुद्धा ऐकवते. बंद पडलेले सर्व्हर स्वयंसेवकांनी पुन्हा उभे केले, त्यामुळे या जोडणीचा आजही उपयोग होतो.

२००१-०२ मध्ये मुख्य रस्ता इथरनेटकडे, म्हणजे यंत्रांना तारेने जाळ्यात जोडण्याच्या पद्धतीकडे, वळला. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये नोव्हेंबर २००१ पासूनच इथरनेटचे तोंड होते आणि टेलिफोन मोडेम मुद्दाम वगळलेला होता. सोनीने प्लेस्टेशन २ साठी ऑगस्ट २००२ मध्ये अमेरिकेत सुमारे ४० डॉलरला नेटवर्क अडॅप्टर आणला, त्यात इथरनेट आणि टेलिफोन मोडेम दोन्ही होते. ज्यांच्याकडे ब्रॉडबँड नव्हते त्यांचा विचार सोनीने केला होता, असे म्हणता येईल. निन्टेन्डोच्या गेमक्यूब या कन्सोलचे मोडेम आणि ब्रॉडबँडचे अडॅप्टर वेगवेगळे विकले जात, आणि त्यांवर इंटरनेटमार्गे खेळता येणारे खेळ जवळजवळ नव्हतेच.

इथून काटकसरीचा प्रश्न वेगळ्या जागी गेला. ब्रॉडबँडची तार संगणकाच्या मेजापर्यंत येत होती आणि कन्सोल टीव्हीपाशी होता. राउटर घ्यायचा तर तो वेगळा खर्च. शिवाय काही सेवा कंपन्या एका जोडणीवर एकच यंत्र गृहीत धरत आणि दुसऱ्यासाठी जादा आकार मागत. संगणकात दुसरे नेटवर्क कार्ड बसवून कन्सोलला त्यामागे लपवणे हा त्यावरचा स्वस्त उपाय ठरला. १९९९ च्या विंडोज ९८ सेकंड एडिशनमध्ये जोडणी वाटून देण्याची सोय आली होती. ती चालू केली की संगणक कन्सोलला घरापुरता पत्ता (जाळ्यात यंत्र ओळखण्याचा आकडा) देई आणि बाहेरच्या जगाला एकटा संगणकच दिसे. पत्त्यांची ही अदलाबदल म्हणजेच ‘नॅट’. इंटरनेटवरचे पत्ते अपुरे पडणार हे लक्षात आल्यामुळे १९९४ च्या सुमारास मांडलेली ही कल्पना घरगुती काटकसरीला अनपेक्षितपणे उपयोगी पडली. संगणक आणि कन्सोल थेट जोडताना साधी तार चालत नसे, आतल्या जोड्या उलट केलेली क्रॉसओव्हर केबल लागे, आणि कितीतरी घरांत पहिली संध्याकाळ चुकीची तार शोधण्यातच गेली. या उपायाचा दोष एवढाच की कन्सोल चालू असेपर्यंत संगणकही चालू ठेवावा लागे.

वर्गणीचा प्रश्नही याच काळात उभा राहिला. एक्सबॉक्स लाइव्ह ही सेवा १५ नोव्हेंबर २००२ रोजी सुरू झाली आणि तिच्यासाठी ब्रॉडबँडच्या बिलाखेरीज वर्षाची वर्गणी भरावी लागे. ती टाळणाऱ्यांना एक आडवाट सापडली. एकाच खोलीतल्या अनेक एक्सबॉक्सना तारेने जोडून खेळण्यासाठी ‘सिस्टिम लिंक’ नावाची सोय होती, आणि २००१ च्या ‘हेलो’ या खेळात तिच्यावर सोळा जण खेळू शकत. एक्सबीकनेक्ट आणि एक्सलिंक काई यांसारखे प्रोग्रॅम संगणकावर बसून कन्सोलने स्थानिक जाळ्यात दिलेली हाक पकडत, ती इंटरनेटवरून दुसऱ्या गावच्या संगणकाकडे पाठवत आणि तिथल्या कन्सोलला ऐकवत. दोन्ही कन्सोलची समजूत अशी की प्रतिस्पर्धी शेजारच्याच टीव्हीवर आहे. पुढे एक्सबॉक्स ३६० मध्ये अशा खेळासाठी दोन कन्सोलमधल्या संदेशाच्या जाण्या-येण्याला ३० मिलिसेकंदांची मर्यादा घातली गेली, त्यामुळे दूरच्या गावाशी ही युक्ती जवळजवळ निरुपयोगी झाली.

बिनतारी जोडणीने सोय वाढवली आणि सुरुवातीला खर्चही वाढवला. एक्सबॉक्स ३६० चा वाय-फाय अडॅप्टर अमेरिकेत सुमारे १०० डॉलरला मिळे, म्हणजे कन्सोलच्या एका तारेला पर्याय म्हणून त्या काळच्या बऱ्याच राउटरांहून जास्त पैसे मोजावे लागत. लिंकसिसचा डब्ल्यूआरटी ५४जी हा राउटर नेमका इथे उपयोगी पडला. त्याच्या आत लिनक्स, म्हणजे जिच्या परवान्यानुसार कोड खुला ठेवावा लागतो अशी प्रणाली, असल्याचे उघड झाल्यावर २००३ मध्ये त्याची प्रणाली जाहीर करावी लागली आणि तिच्यावरून डीडी-डब्ल्यूआरटीसारख्या फुकट प्रणाली तयार झाल्या. अशी प्रणाली चढवलेला जुना राउटर घरातल्या मुख्य वाय-फायला ग्राहक म्हणून जोडला जातो आणि त्याच्या मागच्या इथरनेटच्या तोंडातून कन्सोलला जोडणी देतो. कन्सोलच्या लेखी ती साधी तारच असते. अडगळीत पडलेल्या वस्तूने महागड्या अडॅप्टरची जागा घेण्याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला सापडत नाही. २०१० मध्ये एक्सबॉक्स ३६० च्या सुधारित आवृत्तीत वाय-फाय आतच आले आणि हा प्रश्न मिटला. भिंतीतल्या विजेच्या तारांतूनच माहिती नेणारी होमप्लगची पद्धत २००१ पासून उपलब्ध होती. जुन्या वायरिंगच्या घरात तिचा भरवसा कमी, इतकेच तिच्याबद्दल पुरे.

निन्टेन्डोची या काळातली एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. राउटर नसलेल्या घरांसाठी कंपनीने यूएसबीवर चालणारा छोटा वाय-फाय कनेक्टर काढला, तो संगणकाची जोडणी बिनतारी रीतीने वाटून देई, आणि नोव्हेंबर २००५ मध्ये सुरू झालेली तिची ऑनलाइन सेवा विनामूल्य होती. पण हातातल्या डीएस यंत्राला फक्त डब्ल्यूईपी हे वाय-फायचे जुने सांकेतिक कुलूप समजत असे, आणि ते फोडता येते हे २००१ मध्येच सिद्ध झाले होते. डीएस घरच्या राउटरला जोडायचे, तर एका खेळण्यासाठी सगळ्या घराचे कुलूप सैल करावे लागे. पैसे वाचवताना सुरक्षिततेची किंमत मोजली जाते, ती अशी.

आजच्या कन्सोलना वाय-फाय आणि इथरनेट दोन्ही बहुधा असतात, त्यामुळे उपकरणाचा खर्च जवळपास उरलेला नाही. तो वर्गणी आणि डेटा यांत विभागला गेला आहे. प्लेस्टेशन ३ वर फुकट असलेला ऑनलाइन सामना २०१३ च्या प्लेस्टेशन ४ वर बहुतेक खेळांसाठी वर्गणीत गेला, आणि निन्टेन्डोनेही सप्टेंबर २०१८ मध्ये स्विचसाठी तेच केले. उलट दिशेने, विनामूल्य खेळांसाठीची वर्गणीची अट मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०२१ मध्ये काढून टाकली. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कन्सोल जोडला तर प्रत्यक्ष सामन्याला डेटा थोडाच लागतो. बटणांच्या बातमीचा एक्सबँडच्या काळातला हिशेब आजही मोठ्या अंशी लागू आहे. अडचण येते ती पत्त्याची. मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटतात, त्यामुळे कन्सोल ‘स्ट्रिक्ट नॅट’ची, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी अडवली जात असल्याची, तक्रार करतो आणि खेळाडूंची यंत्रे एकमेकांना थेट जोडणाऱ्या खेळांत सामना जुळत नाही, कंपनीच्या सर्व्हरवर चालणारे खेळ मात्र बहुधा सुरळीत चालतात.

डेटाचा मोठा वाटा खेळ उतरवण्यात जातो. ड्रीमकास्टच्या तबकडीवर सुमारे एक गिगाबाइट मावत असे. आता शंभर गिगाबाइटचा खेळ नवलाचा राहिलेला नाही. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ ची तबकडी नसलेली आवृत्ती तबकडीवालीपेक्षा १०० डॉलरनी स्वस्त, तर एक्सबॉक्स सिरीज एस त्याहूनही स्वस्त निघाला. ज्याला कन्सोल स्वस्तातला हवा, त्यालाच इंटरनेट भरपूर लागावे, अशी ही रचना झाली. सिरीज एसच्या मूळ आवृत्तीत साठवण ५१२ गिगाबाइट, त्यातही प्रणालीचा वाटा वेगळा. म्हणजे नवा खेळ घेताना जुना पुसायचा आणि पुन्हा खेळावासा वाटला की तोच डेटा दुसऱ्यांदा खर्च करायचा. यावर उपाय म्हणून अनेकजण जुनी यूएसबी हार्ड डिस्क कन्सोलला लावतात. नव्या पिढीसाठी बनवलेले खेळ तिच्यावरून थेट चालत नाहीत, पण तिच्यावर हलवून ठेवता येतात आणि हवे तेव्हा परत आत आणता येतात. त्या फेरीला इंटरनेट लागत नाही.