पार्श्वभूमी : इबेल्सच्या कार्यक्रमपत्रिका आणि रंगीत शिळामुद्रणाचा वाद

नोव्हेंबर 1892 ते जून 1893 या एका नाट्यहंगामासाठी पॅरिसच्या ‘तेआत्र लिब्र’ या संस्थेने आपल्या आठही कार्यक्रमपत्रिका आंरी-गाब्रिएल इबेल्स या एकाच चित्रकाराकडून करून घेतल्या. त्या वेळी इबेल्स पंचविशीच्या उंबरठ्यावर होता. भित्तिपत्रकांसाठी गाजलेल्या तुलूझ-लोत्रेक या चित्रकाराचा तो मित्र होता आणि ‘नाबी’ म्हणवून घेणाऱ्या तरुण चित्रकारांच्या मंडळात त्याची ओळख ‘वार्ताहर नाबी’ अशी होती, कारण त्याचे विषय वृत्तपत्री होते. सैनिक, शेतकरी, मजूर, सर्कशीतले कलावंत आणि गाण्याच्या कॅफेंतले प्रेक्षक त्याच्या चित्रांत वारंवार दिसतात. त्या आठ कागदांकडे आज लोत्रेकच्या कीर्तीच्या सावलीतली किरकोळ छपाई म्हणून पाहिले जाते. रंगीत मुद्राचित्राला, म्हणजे शिळा, लाकूड किंवा धातूवरून छापलेल्या चित्राला, कलेचा दर्जा मिळण्याच्या लढ्यात मात्र त्यांचे स्थान बरेच वरचे आहे, आणि ते का, हे समजण्यासाठी नाटकाच्या वर्गणीपासून सुरुवात करावी लागते.

तेआत्र लिब्रचा पहिला प्रयोग 30 मार्च 1887 रोजी मोंमार्त्रमधल्या एका लहानशा सभागृहात झाला. संस्थापक आंद्रे आंत्वान हा गॅस कंपनीत कारकून होता. फ्रान्समध्ये नाटकांवरचे पूर्वपरीक्षण 1906 पर्यंत चालू होते, म्हणजे सार्वजनिक प्रयोगापूर्वी संहिता सरकारी परीक्षकांकडे द्यावी लागे. आंत्वानने त्यावर कायदेशीर तोड काढली. तिकीटविक्री न करता त्याने वर्गणीदार जमवले आणि प्रयोग खासगी ठरवले. त्यामुळे सार्वजनिक रंगमंचावर अडली असती अशी नाटके तेथे होऊ शकली. स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्गचे ‘मिस ज्युली’ जानेवारी 1893 मध्ये आणि जर्मन नाटककार हाउप्टमानचे ‘विणकर’ मे 1893 मध्ये तेथे झाले, आणि ही दोन्ही नाटके इबेल्सच्याच हंगामातली आहेत. ‘विणकर’वर त्या काळात जर्मनीत पोलिसांची बंदी होती, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या व्यवस्थेचा परिणाम छापील कागदावर झाला. एकेका नाट्यसंध्येचे प्रयोग मोजकेच होत आणि प्रेक्षक आधीच ठरलेला असे, त्यामुळे रस्त्यावर भित्तिपत्रके लावून गर्दी खेचण्याची फारशी गरज नव्हती. वर्गणीदाराच्या हातात पडणारी कार्यक्रमपत्रिका हाच संस्थेचा दर्शनी चेहरा होता. ती दर खेपेला नवी असे, ठरावीक लोकांपर्यंतच पोचे आणि बाजारात विकत मिळत नसे. साहजिकच तिचा संग्रह करण्याकडे ओढा वाढला, आणि मागाहून झालेल्या सगळ्या खरेदी-विक्रीचे मूळ या वर्गणीत आहे. इबेल्सच्या आधीही या संस्थेने चित्रकारांना बोलावले होते. पॉल सिन्याकने 1889 च्या सुरुवातीला एका पत्रिकेच्या मागे रंगशास्त्राच्या सिद्धान्ताचे प्रात्यक्षिकच छापले होते, आणि आंरी रिव्हिएरनेही या संस्थेसाठी रंगीत पत्रिका केल्या होत्या. हे सगळे काम मात्र प्रसंगोपात्त होते. सलग हंगाम एकाच हाताला देण्याचा निर्णय इबेल्सच्या वेळी झाला, आणि त्यामुळे सुटे कागद मालिका म्हणून पाहिले जाऊ लागले.

छपाईचे तंत्र शिळाछापाचेच होते, म्हणजे दगडी शिळेवर तेलकट खडूने काढलेल्या चित्रावरून छापण्याचे. आपल्याकडच्या शिळाप्रेसवरच्या पोथ्या ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना त्याचे मूलतत्त्व नव्याने सांगायला नको. रंगीत कामात प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा लागते, आणि एक रंग वाळल्यावर तोच कागद पुढच्या शिळेवर नेमक्या त्याच जागी बसवावा लागतो. ही जुळणी केसभर चुकली, तरी आकृतीच्या कडेला पांढरी किंवा दुहेरी रेघ उमटते. या पिढीने ‘क्राशी’ नावाची युक्तीही भरपूर वापरली. शाईत बुडवलेला ताठ कुंचला जाळीवर घासून शिळेवर बारीक तुषार उडवायचे, आणि जो भाग कोरा ठेवायचा तो झाकून घ्यायचा. या काळातल्या पत्रिका भिंगाखाली धरल्या की रंगीत पार्श्वभूमी सलग रंगाची नसून अशा असमान थेंबांची असल्याचे दिसते, आणि त्यातूनच खालच्या कागदाचा रंग चित्रात सामील होतो. रंग चार-पाचच असत. पात्रांची आणि नटांची यादी पुष्कळदा खिळ्यांच्या छपाईने वेगळी घातली जाई. ही मजकुराची छपाई होण्यापूर्वी काही प्रती चांगल्या कागदावर काढून शौकिनांसाठी बाजूला ठेवण्याची चालही पडली.

येथून पुढे वादाचा खरा विषय सुरू होतो. पॅरिसच्या जुन्या, प्रतिष्ठित वार्षिक प्रदर्शनात मुद्राचित्रांसाठी स्वतंत्र विभाग होता आणि त्यात रंगीत मुद्राचित्रांना मज्जाव होता. ही बंदी 1899 मध्ये उठली. म्हणजे इबेल्सच्या आठ पत्रिका, लोत्रेकची बहुतेक सगळी भित्तिपत्रके, आणि नाबी मंडळींची नाटकांसाठीची जवळजवळ सगळी छपाई, ही त्या नियमाच्या अमलातच झाली. कोणी कार्यक्रमपत्रिका त्या प्रदर्शनाकडे पाठवत बसले नसते, हे खरे. तरीही कला कोणती आणि माल कोणता, हे ठरवण्याचा मान त्या विभागाकडे होता, आणि विक्रेते, संग्राहक व वृत्तपत्रीय समीक्षक त्याच मापाने मोजत असत.

बंदीच्या समर्थकांची बाजू उडवून लावण्यासारखी नव्हती. मुद्राचित्राचा प्राण काळ्या-पांढऱ्यात आहे, कारण रेघ आणि छायेच्या बळावर रंगाचा भास उत्पन्न करणे हेच कोरीवकाराचे कौशल्य आहे, अशी त्यांची मांडणी होती. दुसरा मुद्दा अधिक वजनदार होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगीत शिळामुद्रण म्हणजे प्रामुख्याने तैलचित्रांची नक्कल, डब्यांवरची लेबले, शुभेच्छापत्रे आणि जाहिराती. त्यात छापखान्यातला कारागीर चित्रकाराच्या रंगीत नमुन्यावरून दहा-बारा, कधी त्याहूनही अधिक शिळा ठिपक्याठिपक्याने तयार करी, आणि चित्रकाराचा हात शिळेला लागतही नसे. मुंबईत राजा रविवर्मांचा छापखाना 1894 मध्ये उभा राहिला तो याच पद्धतीच्या बळावर, आणि त्याची देवादिकांची चित्रे घरोघर पोचली. अशा छपाईत ‘हे चित्र कोणाच्या हातचे’ या प्रश्नाला सरळ उत्तर नसते. पॅरिसच्या ज्येष्ठ कोरीवकारांना भीती होती ती याचीच. दार एकदा उघडले की नकलांचा लोंढा आत येईल, असे त्यांना वाटत होते.

या आक्षेपाचे उत्तर पत्रिकांनी वादविवादात न पडता दिले, असे माझे मत आहे. इबेल्स आणि त्याचे सोबती शिळेवर स्वतः खडू चालवत होते. तैलचित्राची नक्कल करण्याचा त्यांचा हेतूच नव्हता. सपाट रंग, तुटक बाह्यरेषा आणि कोरा सोडलेला कागद हे सगळे त्यांनी शिळा डोळ्यांपुढे ठेवून योजले होते, आणि यामागे जपानी काष्ठमुद्रांचा अभ्यास होता. 1890 मध्ये पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत जपानी मुद्राचित्रांचे मोठे प्रदर्शन भरले होते, तेव्हापासून हा प्रभाव विशेष दिसतो. अशा चित्रातून रंग काढून घेतला तर उरते ते अपुरे चित्र, कारण रंग मागाहून चढवलेला नसून रचनेतच असतो. रंगीत शिळामुद्रणाची बाजू मांडणारी एक पुस्तिका 1898 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातला मुख्य मुद्दा हाच होता, आणि वर्षभरात नियम बदलला. त्या बदलाचे श्रेय सहसा पुस्तिकेला आणि महागड्या चित्रसंचांना दिले जाते. या संचांमध्ये 1893 पासून दर तिमाहीला शंभर प्रतींत निघणारा एक संच प्रमुख होता. त्याच्या पहिल्या वेष्टनावर लोत्रेकने छापखान्यातला वृद्ध कारागीर यंत्रापाशी आणि ताजा कागद न्याहाळणारी नर्तकी दाखवली आहे. पहिल्याच खेपेत इबेल्सचेही काम होते. पण त्या संचाच्या आधी, नोव्हेंबर 1892 पासूनच, चांगल्या दर्जाचे रंगीत मुद्राचित्र शेकडो वर्गणीदारांच्या घरी विनामूल्य जाऊन पडत होते. श्रेयाच्या हिशेबात ही नोंद राहून जाते, आणि तो अन्याय आहे.

इबेल्सनंतरच्या घडामोडी अधिक परिचित आहेत. 1893 मध्ये त्याने आणि लोत्रेकने गाण्याच्या कॅफेंवर प्रत्येकी अकरा अशा बावीस चित्रांचा संच मिळून केला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लोत्रेकने तेआत्र लिब्रसाठी पत्रिका केली. नाटक ‘दिवाळखोरी’ या नावाचे होते, आणि चित्रात मात्र केस विंचरून घेणारी स्त्री आहे. पुढच्या वर्षीच्या ‘मिशनरी’ या नाटकासाठी त्याने प्रेक्षागृहातल्या सज्जात दुर्बीण लावून बसलेली स्त्री काढली, आणि सज्जाखाली सोनेरी मुखवटा. चित्राने नाटकाचा प्रसंग सांगितलाच पाहिजे ही अपेक्षा येथे मोडलेली दिसते, आणि पत्रिका संस्थेच्या वृत्तीचे चित्र बनते. याच सुमारास ‘तेआत्र द ल’अव्र’ या 1893 मध्ये निघालेल्या प्रतीकवादी संस्थेने हीच वाट चोखाळली. नाबी चित्रकार व्युइयारने नॉर्वेच्या इब्सेनच्या नाटकांसाठी, आणि नॉर्वेचाच चित्रकार मुंकने 1896 मध्ये ‘पेर ग्युंत’साठी व 1897 मध्ये ‘योन गाब्रिएल बोर्कमान’साठी पत्रिका केल्या. त्याच संस्थेने 1895 या एका वर्षात दोन संस्कृत नाटके फ्रेंचमध्ये केली : जानेवारीत ‘मृच्छकटिक’, ज्याची हत्तीसह रेखाटलेली पत्रिका लोत्रेकची आहे, आणि डिसेंबरात ‘शाकुंतल’, ज्याची पत्रिका पॉल रांसाँ या नाबी चित्रकाराची आहे. किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ 1880 मध्ये आणि देवलांचे ‘मृच्छकटिक’ त्यानंतरच्या दशकात मराठी रंगभूमीवर आले होते, त्यामुळे मराठी वाचकाला या दोन कागदांविषयी विशेष आपुलकी वाटणे स्वाभाविक आहे.

आंत्वानने 1894 मध्ये तेआत्र लिब्र सोडले आणि 1896 च्या सुमारास संस्था बंद पडली. 1897 मध्ये सचित्र नाट्यपत्रिकांवर स्वतंत्र ग्रंथ निघाला, म्हणजे पहिल्या प्रयोगानंतर दहा वर्षांतच हा संग्रहाचा मान्य विषय झाला होता. इबेल्स मात्र दुसरीकडे वळला. हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झालेल्या ड्रेफ्यूस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याच्या प्रकरणात त्याने ड्रेफ्यूसची बाजू घेतली आणि विरोधी व्यंग्यचित्रकारांच्या साप्ताहिकाला तोंड देण्यासाठी 1898 मध्ये ‘ल सिफ्ले’ हे चित्रपत्र काढले. 1936 मध्ये त्याचे निधन झाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या संग्राहकांनी व संग्रहालयांनी या कागदांकडे नव्याने लक्ष दिले, आणि 1998 मध्ये वॉशिंग्टनमध्ये पॅरिसच्या या प्रायोगिक रंगभूमीशी निगडित मुद्राचित्रांचे प्रदर्शनही भरले.

या पुनर्मूल्यांकनात एक अडचण बाजारानेच निर्माण केली आहे. ल’अव्रच्या अनेक पत्रिका दुमडलेल्या मोठ्या कागदाच्या होत्या : एका अर्ध्या भागावर नाटकाची माहिती आणि चित्र, दुसऱ्यावर एखाद्या नियतकालिकाची जाहिरात. चौकट करताना जाहिरातीचा भाग कापून टाकण्याची पद्धत पडली. मजकूर नसलेल्या प्रतींना चढी किंमत मिळते, त्यामुळे नट, भूमिका आणि प्रयोगाची तारीख सांगणाऱ्या प्रतीच दुय्यम ठरतात. संस्थेला पैसा कोठून येत होता, कोणते नियतकालिक कोणत्या रंगभूमीच्या पाठीशी होते, आणि कोणत्या संध्येला कोणती नाटके एकत्र झाली, हे सगळे त्या कापलेल्या भागावर आणि छापील मजकुरात असते. म्हणून इबेल्सच्या आठ पत्रिकांचा अभ्यास करणाऱ्याने आधी पूर्ण, घडीची खूण असलेली आणि छापील यादीसह उरलेली प्रत मिळवावी, आणि केवळ सुबक चित्रावर थांबू नये.